सिंकमागची भिंत

"तेवढे चाळीस हजार द्या, म्हणजे मी मोकळा," मिस्त्री म्हणाला आणि नव्या स्वयंपाकघरात चार माणसांचे चार कप होते तिथेच थांबले.

त्याने काही वावगं मागितलं नव्हतं. चार महिने खपून त्याने हे स्वयंपाकघर आणि पलीकडचं बाथरूम नव्याने उभं केलं होतं. आई परवा हॉस्पिटलातून घरी यायची होती. तिला बसून काम करता यावं म्हणून ओटा खाली घेतला होता, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले होते, उंबरठा काढून टाकला होता. काम संपलं, थापी आणि ओळंबा पिशवीत गेले, आता माणूस आपली बाकी मागत होता.

"कसले चाळीस हजार?" धाकट्या भावाने विचारलं.

झालं! मधल्या भावाने कप रिकामा झाला तरी तोंडाशी तसाच धरला.

कारण ते चाळीस हजार कुठे गेले, हे त्या खोलीतल्या तिघांना पक्कं ठाऊक होतं. मिस्त्रीला, ताईला आणि त्याला स्वतःला. ठाऊक नव्हतं ते फक्त ज्याने पैसे पाठवले त्या धाकट्याला आणि त्याच्या बायकोला, धाकटीला. दोघं सकाळीच सहा तासांचा प्रवास करून आले होते, आईच्या स्वागताला. आणि आल्या आल्या हे!

"तीन लाख ठरले होते ना?" धाकट्याने फोन बाहेर काढला. "मजुरी, माल, सगळं धरून. मी तीन लाख पाठवलेत ताईच्या खात्यावर. पाच वेळा. हे बघा. पन्नास, साठ, ऐंशी, पन्नास, साठ. तारीख आहे, वेळ आहे, सगळं आहे."

"असेल साहेब. मी तुमचा फोन खोटा कुठे म्हणतोय?" मिस्त्री शांतपणे म्हणाला. "मला मिळाले दोन लाख साठ."

"ताई?"

ताई ओट्यावरचा डाग पुसत होती. नव्या कोऱ्या ओट्यावर डाग कुठला असायला! "पुढच्या आठवड्यात देते मिस्त्री. शब्द देते."

"पुढच्या आठवड्यात कुठून देणार तू?" धाकट्याचा आवाज चढला. "आणि मी पाठवले ते गेले कुठे?"

ते गेले होते एका झेरॉक्स मशीनच्या पोटात. दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी मधला याच स्वयंपाकघरात धापा टाकत शिरला होता. दुकानासमोर टेम्पो उभा होता. मशीनचे हप्ते थकलेले, आणि वसुलीचा माणूस म्हणत होता की तासाभरात चाळीस हजार रोख हातावर ठेवा, नाहीतर मशीन उचलतो. बँकेत पैसे टाकून उपयोग नव्हता. मधल्याच्या खात्यात काहीही पडलं की दुसऱ्या कर्जाचा हप्ता ते आधी गिळायचा. रोखच हवी होती. मशीन गेलं की दुकान गेलं आणि दुकान गेलं की बायकोला सगळं कळणार! तिला अजून यातलं काडीचंही माहीत नव्हतं.

ताईकडे तिचे स्वतःचे पैसे कधीच नसायचे. पण पाचच मिनिटांपूर्वी तिने मिस्त्रीच्या हातात ऐंशी हजारांचं पाकीट ठेवलं होतं. तिने एकदा भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मिस्त्री, त्यातले चाळीस परत द्या. महिनाभरात देते." मिस्त्रीने का-कू केलं नाही. थुंकी लावून नोटा मोजल्या, मधल्याच्या हातात दिल्या आणि कानावरची सुतारी पेन्सिल काढून पुढे केली.

कारण मिस्त्रीची एक रीत होती. कामाच्या घरात तो एक भिंत शेवटपर्यंत उघडी ठेवायचा. इथे ती सिंकमागची होती. तीच त्याची वही. पैसे मिळाले की तारीख टाकायची, रक्कम लिहायची आणि घरच्या माणसाची तिथेच सही घ्यायची. परत दिले तर ज्याने घेतले त्याची सही. सगळी देणी फिटली की मगच त्या भिंतीवर टाइल चढवायची. तीस वर्षांत कोणाशी तू-तू मैं-मैं नाही, असं तो अभिमानाने सांगायचा.

मधल्याने त्या दुपारी हसत हसत सही ठोकली होती. त्याची ती सही, खाली लांबलचक शेपटी असलेली. शाळेत असल्यापासून सगळं घर तिची टिंगल करायचं.

महिना गेला, दुसराही सरत आला. येता-जाता ती सही त्याला दिसायची आणि तो नजर वळवायचा. मग गेल्या आठवड्यात त्याने स्वतःच मिस्त्रीला सांगितलं, "आई यायची आहे. ही भिंत आता झाकून टाका बघू. बाकीसाठी आम्ही काय पळून जातोय?" मिस्त्रीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं. पण आईचं नाव निघाल्यावर नाही कसं म्हणणार? पांढऱ्या टाइल चढल्या आणि मधल्याला कित्येक दिवसांनी दुपारी डोळाभर झोप लागली.

"ताई, मी काहीतरी विचारतोय," धाकटा म्हणाला.

"ऐकतेय मी."

"मग बोल ना! पहिल्या दिवसापासून तुला सांगत होतो, मिस्त्रीचा नंबर दे, मी थेट त्याच्या खात्यावर टाकतो. एक बोट दाबलं की काम झालं. पण नाही! तू बँकेत जाणार, रांगेत उभी राहणार, नोटा काढणार, पाकिटात घालणार. आता दाखव, काय दाखवणार आहेस?"

"माणूस समोर राबतो. त्याच्या हातात पैसे ठेवताना त्याच्याकडे बघावं, असं मला वाटतं," ताई म्हणाली. "यात गुन्हा काय झाला?"

"चाळीस हजारांचा झाला," धाकटी म्हणाली. ती कंपनीत हिशेब तपासायचंच काम करायची, आकड्याला आकडा लागला नाही की तिला अन्न गोड लागत नसे. पण लगेच तिने आवाज खाली आणला. "ताई, आम्ही तुमच्यावर संशय घेत नाही हं."

"घेताय. घ्या."

मधल्याला आता काहीतरी बोलणं भाग होतं. आयुष्यभर तो हेच करत आला होता. दोघं भांडायला लागले की मधे पडायचं, दोघांचंही बरोबर म्हणायचं आणि हळूच सटकायचं. "जाऊ दे रे," तो म्हणाला. "किती ताणायचं? मिस्त्रींचे चाळीस मी बघतो. आठवडाभरात देऊन टाकतो."

"तू? तू कुठून देणार? आणि का म्हणून देणार?" धाकट्याने त्याला झटकूनच टाकलं. "हे बघ दादा, प्रत्येक वेळी पांघरूण घालायला येऊ नकोस. पैसे पाठवलेत हे नक्की. ताई खाणार नाही हेही नक्की. मग राहिलं कोण?"

उत्तर पिशवी घेऊन दाराशी उभं होतं.

"मिस्त्री," धाकटा वळला, "तुम्हाला दोन साठच मिळाले याला पुरावा काय?"

"ए, त्यांना काही बोलायचं नाही!" ताई गर्रकन फिरली. "एक अक्षर नाही!"

"का? रोखीत हेच असतं ना? घेणारा म्हणतो मिळाले नाहीत, देणारा म्हणतो दिले. ना पावती, ना नोंद. फोनवरून घेतले असतेत तर आज ही वेळ आली असती का?"

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज होता तसाच राहिला. "साहेब, फोनवरून मी घ्यायचो. मागच्या वर्षी एका बंगल्यात काम केलं. मालकाने फोन दाखवला, हिरवी खूण, 'पैसे पाठवले' असं लिहिलेलं. मी सलाम करून निघालो. पैसे आजतागायत यायचेत. नुसतं चित्र होतं ते, कुठूनतरी बनवलेलं. माझ्या पाच माणसांची आठवड्याची मजुरी मी बायकोच्या बांगड्या ठेवून भागवली. तेव्हापासून रोख घेतो. पण नोंदीशिवाय एक रुपया घेत नाही."

"कुठेय नोंद?"

मिस्त्रीने सिंककडे बोट केलं. "या टाइलच्या मागे."

धाकटा हसलाच. "वा! पुरावा आहे, पण भिंतीत गाडलाय. म्हणजे आम्ही चार महिन्यांचं काम फोडून बघायचं, नाही का?"

"सगळं कशाला? एकच टाइल." मिस्त्री पुढे झाला आणि नळाच्या डावीकडच्या मोठ्या टाइलवर बोटाच्या पेराने वाजवलं. ठक्. शेजारच्या टाइलवर वाजवलं, तर आवाज भरीव आला. पुन्हा पहिलीवर. ठक्, ठक्. पोकळ. "हिला मधे माल भरलेला नाही. चार कोपऱ्यांवर टेकवलीय नुसती. अक्षर जाऊ नये म्हणून. देणी फिटली नव्हती ना."

आठवडाभर मधला स्वतःची समजूत घालत होता की सिमेंटने ती पेन्सिल केव्हाच खाल्ली असेल. आणि ती आत जशीच्या तशी होती! शेपटीसकट!

धाकटी टाइलजवळ गेली. तिनेही वाजवून पाहिलं. "खरंच पोकळ आहे," ती नवऱ्याला म्हणाली, आणि तिच्या आवाजातली धार गेलेली होती. "अरे, खोटं बोलणारा माणूस फोडून बघा असं कशाला म्हणेल?"

"म्हणजे आता तू त्यांच्या बाजूने?"

"मी कोणाच्याच बाजूने नाही. एक टाइल फुटली तर फुटली. बघून टाकू."

"फुटणार नाही," ताई म्हणाली. ओल्या फडक्यासकट ती सिंकपुढे येऊन उभी राहिली. "आई परवा येतेय. तिच्या नव्या स्वयंपाकघरात कोणी हातोडी घेऊन यायचं नाही. मिस्त्रींना दोन साठच मिळालेत, त्यांचा शब्द न् शब्द खरा आहे. चाळीस मी खर्च केले. बस्स?"

"कशावर?"

"माझ्यावर."

"तुझ्यावर?" धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वीची साडी, अंगठा शिवलेली चप्पल. "काय घेतलंस चाळीस हजारांचं?"

"ते मी सांगणार नाही."

ती मधल्याकडे पाहतही नव्हती. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. एक कटाक्ष टाकला असता, डोळे वटारले असते, तर त्याला चिडता तरी आलं असतं. ती सरळ समोर बघत उभी होती, लहानपणी त्याने फोडलेल्या काचेसाठी वडिलांसमोर उभी राहायची तशीच.

धाकट्याने फोन खिशात ठेवला. बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "ठीक आहे. चाळीस हजार माझ्याकडून गेले समज. पण ताई, यापुढे आईचं सगळं मी बघतो. तिची पेन्शन, औषधं, दूध, वीज, कामवाली. सगळं फोनवरून जाईल, तिथून. तिचं पासबुक आणि कार्ड मला दे. तू नुसती तिच्याजवळ राहा. पैशाला हात लावू नकोस."

ताईच्या हातातलं फडकं पिळलं गेलं. पंचवीस वर्षं हे घर तिने चालवलं होतं. वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. त्याची फी, वसतिगृह, पहिल्या नोकरीला जातानाचा कोट, सगळं तिनेच डब्यातल्या नोटा मोजून केलं होतं. आणि आज त्याच घरात ती आईची बिनपगारी नर्स होऊन बसणार होती.

"देते," ती म्हणाली.

तेवढ्यात पिशवीची चेन सरकली. मिस्त्रीने छन्नी आणि हातोडी बाहेर काढली होती.

"ताई, बाजूला व्हा."

"मिस्त्री, मी सांगितलं ना—"

"तुम्ही खोटं बोलून मला खरं ठरवताय. ते मला नको." तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "या घरातून मी असा गेलो तर उद्या माझी माणसं मला विचारतील. टाइल माझी, मजुरी माझी, पुन्हा लावूनही देतो. पण भिंत बोलेल."

ताई हलली नाही. मिस्त्रीने तिच्या खांद्यावरून हात नेऊन छन्नीचं टोक टाइलच्या सांध्यावर टेकवलं आणि थांबला. हातोडी वर गेली नाही. तो कोणाकडे पाहत नव्हता, सांध्याकडेच पाहत होता. "कोणाला काही बोलायचं असेल," तो म्हणाला, "तर आत्ता."

मधल्याच्या मनात हिशेब चालू होता, आणि किती नीच हिशेब! ताईने कबूल केलंच आहे. धाकटा चार दिवसांत जाईल. टाइल नाही फुटली तर महिन्याभरात कुठून तरी पैसे उभे करू, तिला हळूच देऊ, मग सगळं हळूहळू... आणि मग त्याला दिसलं की ताई आपल्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडत होती. कपाटातलं पासबुक काढायला.

"थांबा," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक आला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "थांबा. चाळीस हजार मी घेतलेत. दुकानाचं मशीन जप्त होणार होतं. ताईने मला दिले."

आता काहीतरी कोसळेल, म्हणून त्याने श्वास रोखला. पण धाकट्याने नुसती मान हलवली, कीव आल्यासारखी.

"दादा, पुरे कर ना. मघाशी म्हणालास मी देतो, आता म्हणतोस मी घेतले. ताईला वाचवायला तू काहीही कबूल करशील, हे काय मला माहीत नाही? भांडण मिटतंय म्हटल्यावर तू उद्या म्हणशील चंद्रसुद्धा तूच चोरलास."

"अरे, खरं सांगतोय!"

"आयुष्यात कधी कोणाला तोंडावर खरं सांगितलंयस तू? आजच कसं सुचलं?"

मधल्याने चाळीस वर्षं गोड बोलून काढली, आणि आज पहिल्यांदा जीव मुठीत धरून खरं बोलला तर ऐकायला कोणी तयार नव्हतं!

त्याने मिस्त्रीच्या हातातून छन्नी-हातोडी घेतली. मिस्त्रीने मुकाट्याने दिली.

"ताई, सरक."

"असू दे रे," ती पुटपुटली.

"सरक म्हणतो ना!"

ती सरकली. मधल्याला छन्नी धरायची कशी हेही येत नव्हतं. पहिला घाव घसरला आणि बोटावर बसला. दुसऱ्याला टाइलच्या कोपऱ्याचा टवका उडाला. तिसऱ्याला मधोमध तडा गेला आणि पांढरा अर्धा तुकडा सिंकमध्ये पडून फुटला. उरलेला त्याने बोटांनीच ओढून काढला. बोटातून रक्त येत होतं, ते टाइलला लागलं.

मागे करडी भिंत, आणि तिच्यावर ठळक पेन्सिलीच्या ओळी. धाकटी चष्मा सावरून वाचायला लागली, एकेक आकडा मोठ्याने. पन्नास, ताईची सही. साठ, ताईची सही. ऐंशी, ताईची सही. "त्यातून परत, चाळीस..." ती थांबली.

पुढची सही वाचायची गरजच नव्हती. शेपटी पार टाइलच्या कडेपर्यंत गेली होती.

धाकटा पुढे येऊन बघत राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि आधी वळला तो मिस्त्रीकडे. "माझं चुकलं," तो म्हणाला. "तुम्हाला मी चोर ठरवलं. माझं चुकलं मिस्त्री."

"होतं असं," मिस्त्री म्हणाला. पण झालं ते काही लहान नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुमचे चाळीस आत्ता देतो. पण माझ्याकडे रोख नाही. फोनवर चालतील?"

"चालतील की. मुलीने खातं जोडून दिलंय. पण माझ्या फोनवर आल्याशिवाय मी हलणार नाही हं."

धाकट्याने बोट दाबलं. पाचही जणं मिस्त्रीच्या त्या जुन्या फोनकडे बघत उभी राहिली. तो वाजला. मिस्त्रीने डोळ्यांजवळ नेऊन आकडा नीट वाचला, कानावरची पेन्सिल काढली, भिंतीवर शेवटची ओळ लिहिली आणि पेन्सिल धाकट्यापुढे धरली.

"फोनवर गेले ना आता?" धाकटा म्हणाला.

"गेले. पण सही इथंच."

धाकट्याने सही केली, दादाच्या आणि ताईच्या सह्यांखाली. मग तो ताईसमोर गेला. ताईने किल्ल्यांचा जुडगा पुन्हा कमरेला खोचला आणि म्हणाली, "पासबुक कपाटात आहे. तिथेच राहील." त्याने मान डोलावली.

मिस्त्रीने उरलेले टवके पाहिले. "याच्याच जोडीची एक टाइल आहे गोदामात. उद्या दुपारी येऊन लावून टाकतो. आईंना कळणारही नाही."

"नको," ताई म्हणाली.

"अहो, भोक दिसेल ना."

"दिसू दे. सगळं फिटल्याशिवाय ही भिंत झाकायची नाही, अशी तुमचीच रीत ना? तुमचं फिटलं. घरचं अजून फिटायचंय. हा धाकट्याचे चाळीस ज्या दिवशी परत करील, त्या दिवशी इथे अजून एक ओळ लिहू. मग बोलावते तुम्हाला."

मधल्याने बोट चोखत भिंतीकडे पाहिलं. "आणि आई? परवा आल्या आल्या विचारेल, नव्या भिंतीला हे काय म्हणून."

"विचारेलच." ताई आता पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, दोन्ही. "दोन महिने मी वाट बघितली, आज बोलेल, उद्या बोलेल. माझ्या हातून सगळं घर जायची वेळ आली तेव्हा तुझं तोंड उघडलं. परवा तू इथे आधी येऊन थांब. बायकोलाही आण. दोघींना तूच सांगायचं, ही सही कोणाची ते."

"सांगतो," तो म्हणाला.

मधला जमिनीवरचे तुकडे गोळा करायला झाडू शोधू लागला. या नव्या स्वयंपाकघरात तो कुठे ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी ताईनेच दारामागून काढून त्याच्या हातात दिला.